दारू सुटल्यानंतरची सोबत

(गोंदिया येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



दारू या विषयावर भाषण म्हटले, की पुढे काय येणार याचा अंदाज श्रोत्यांना आधीच असतो. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, यकृत निकामी होते, मुलांची शिक्षणे थांबतात. हे सारे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या घरात दारू शिरली आहे, त्याला तर ते वक्त्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून दारूच्या दुष्परिणामांवर आज मी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते ज्याने दारू सोडली आहे त्या माणसाविषयी. तो उपचार घेऊन नागपूरहून किंवा पुण्याहून परत आला आहे. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली आहे. नातेवाइकांनी पाठ थोपटली आहे. आणि आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. इतकी वर्षे ज्या वेळी पावले आपोआप गुत्त्याकडे वळत, त्या वेळी तो ओसरीवर बसून आहे आणि काय करावे हे त्याला सुचत नाही. त्या संध्याकाळचे काय करायचे, एवढाच आजचा विषय आहे.

रोग मोठा, आधार तोकडा

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णतः अवलंबून आहेत, म्हणजे वैद्यकीय अर्थाने व्यसनी आहेत. अशा ३८ जणांपैकी कसाबसा एक कोणत्यातरी उपचारापर्यंत पोहोचतो आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक असतो. उरलेले काय करतात? शपथा घेतात, मोडतात, पुन्हा घेतात. घरचे लोक देवाला नवस बोलतात आणि अखेरीस नशिबाला बोल लावून गप्प बसतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत, डॉक्टरांना न विचारता दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, त्याला नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. आपल्या गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा आपल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात जाऊन, 'मला दारू सोडायची आहे', असे सरळ सांगावे. जेवणातून गुपचूप देण्याच्या पुड्यांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. त्यांच्या नादी लागू नये. दारूची शिसारी आणणारे औषध रुग्णाला न सांगता दिले आणि तो त्यावर प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकते. तसेच 'सुधारण्यासाठी' माणसाला साखळीने बांधणाऱ्या जागांपासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे आणि दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

परंतु डॉक्टर शरीरातून दारू काढतात, संध्याकाळ मात्र माणसाच्या वाट्याला तशीच उरते. ती भरून काढण्याचे काम औषधाच्या आवाक्यातले नाही. तेथे माणसे लागतात.

एका दारुड्याला दुसरा हवा होता

या विचाराचा जन्म कसा झाला, ते ऐकण्यासारखे आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतील अॅक्रन या गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसले. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. परक्या गावी, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता आणि समोरच्या मद्यगृहातून हसण्याचे आवाज येत होते. आपण आता पिणार, हे त्याला कळले. त्या क्षणी त्याने टेलिफोन उचलला आणि गावातल्या धर्मोपदेशकांना एकामागून एक विचारू लागला, की मला भेटू शकेल असा एखादा दारूत बुडालेला माणूस या गावात आहे का. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसणार नाही, असे ठरवून डॉक्टर आले होते. ते कित्येक तास बसले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, आपली कहाणी तेवढी सांगितली. त्याच वर्षी १० जून रोजी डॉ. बॉब शेवटचे प्यायले. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या जगभर पसरलेल्या संघटनेचा तोच स्थापनादिन मानला जातो. भारतात तिचे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले.

या घटनेतील मर्म पाहा. बिलला त्या दिवशी उपदेशकाची गरज नव्हती. ज्याला मदत करता करता आपणच वाचू, असा समदुःखी त्याला हवा होता. डॉक्टर, शिक्षक, पुढारी, अगदी पत्नीसुद्धा ज्या गोष्टी व्यसनी माणसाला सांगतात, त्या बाहेरून सांगितलेल्या असतात. 'मीही बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले होते' असे दुसरा माणूस समोर बसून म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याची मान वर येते. लाज वाटून घेण्याचे कारण उरत नाही. आणि लाज गेली, की खोटे बोलण्याची गरज जाते.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ संशोधनांचा, सुमारे साडेदहा हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला शिस्तशीरपणे अशा बैठकांशी जोडून दिले, तर वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आढळले. इतर मानसोपचार पद्धतींत ते सुमारे ३५ टक्के होते. म्हणजे हा जादूचा दिवा नव्हे. निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात पुन्हा एकदा तरी घसरतात. पण ज्या उपायाला पैसा लागत नाही, तो महागड्या उपचारांच्या बरोबरीने आणि कधी त्याहून सरस ठरतो, ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडील वाटा

महाराष्ट्रात या विचाराला आपला चेहरा दिला तो पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी आर्थिक पाठबळ दिले. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्या रुग्णांचे समुपदेशक होतात. उपचार संपल्यानंतरच्या पाठपुराव्याच्या बैठकांना तेथे उपचारांइतकेच महत्त्व आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळा गट आहे, कारण वर्षानुवर्षे भीतीत जगलेल्या त्या स्त्रीलाही बरे व्हायचे असते.

शहरापासून दूर असलेल्यांचे काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. तमिळनाडूत त्याचे एक उत्तर सापडले. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेच्या शांती रंगनाथन यांनी १९८९ पासून मंजाकुडी या खेड्यात उपचारशिबिरे घेण्यास प्रारंभ केला. रुग्णाला शहरात नेण्याऐवजी उपचार गावात आणले आणि पुढची राखण गावावर सोपवली. क्रोएशियात डॉ. व्लादिमिर हुडोलिन यांनी १९६४ पासून असे मंडळ उभे केले, की ज्यात व्यसनी माणूस एकटा येत नाही, त्याचे सारे कुटुंब येते आणि काही कुटुंबे दर आठवड्याला एकत्र बसतात. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा उपक्रम चालू झाला. त्यात तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचार चिकित्सालये आणि गावांत शिबिरे, अशी रचना केली गेली.

गडचिरोलीचे नाव निघाले म्हणून एक भेद सांगतो. त्या जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. दारूबंदी असावी की नसावी, यावर आपली मते असतील. गावातील दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मतदान घेऊन आडवी बाटली करावी, हा मार्गही आपल्या राज्यात आहे. पण बंदी बाटलीचा विचार करते. ज्याचे हात बाटलीसाठी थरथरतात, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. दुकान बंद झालेल्या गावातही त्या माणसाची सहा वाजताची संध्याकाळ असतेच.

योग्य गट कसा ओळखावा?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. एका बाजूस मध्य प्रदेश, एका बाजूस छत्तीसगड. धान, तेंदू आणि मोह यांचा हा मुलूख. नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटरवर आहे. देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या शेतमजुराला 'दर आठवड्याला नागपूरच्या बैठकीस जा' असे सांगणे म्हणजे 'जाऊ नकोस' असे सांगण्यासारखेच आहे.

म्हणून पहिली कसोटी अंतराची. सर्वांत नामांकित गट शोधू नये. ज्या गटात हा माणूस पुढच्या आठवड्यात आणि त्याच्याही पुढच्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी जाऊ शकेल, तो गट त्याच्यासाठी योग्य. बैठकीचा वार आणि वेळ ठरलेली असावी. पाऊस असो वा पोळा, दार उघडे मिळाले पाहिजे.

दुसरी कसोटी भाषेची. आपल्याकडे घरात पोवारी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, पलीकडच्या टोल्यावर गोंडी आणि सीमेवर छत्तीसगढी. माणूस आपले दुःख कचेरीच्या भाषेत सांगू शकत नाही. ज्या भाषेत त्याला रडता येते, ती भाषा गटात चालली पाहिजे.

तिसरी कसोटी गुप्ततेची. शहरात माणूस गर्दीत हरवतो. आपल्याकडे बैठकीबाहेर उभी असलेली सायकल कोणाची, हेही गाव ओळखते. अशा ठिकाणी आतले शब्द बाहेर जाणार नाहीत, याची खात्री हाच गटाचा पाया आहे. एकदा जरी एखाद्याची कहाणी पानठेल्यावर पोहोचली, तरी तो गट संपला असे समजावे. गावातल्या गावात अवघडल्यासारखे होत असेल, तर शेजारच्या गावच्या बैठकीस जावे. त्यात कमीपणा नाही.

चौथी कसोटी पैशाची. खऱ्या आधारगटात प्रवेशशुल्क नसते. सदस्य चहापाण्यापुरते आपल्या खिशातून देतात. मोठी रक्कम मागून 'हमखास दारू सोडवू' असे सांगणारा गट नव्हे, दुकान होय. पाचवी कसोटी डॉक्टरांच्या औषधाची. 'आमच्याकडे या आणि गोळ्या बंद करा' असे म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. आणि सहावी, बहुधा सर्वांत महत्त्वाची. जो घसरला, पुन्हा प्यायला आणि मान खाली घालून परत आला, त्याचे तेथे कसे स्वागत होते ते पाहावे. त्याला खुर्ची मिळते की बोलणी? जेथे खुर्ची मिळते, तेथे निःशंक जावे.

एका बैठकीवरून मत बनवू नये. पाच-सहा वेळा जावे, मग ठरवावे. प्रवास अशक्य असेल, तर २०२० नंतर मोबाइलवरून होणाऱ्या बैठकाही वाढल्या आहेत. रात्रपाळीच्या कामगाराला किंवा दूरच्या खेड्यातल्याला त्यांचा उपयोग होतो. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर, तसेच १४४१६ या मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. पत्नीने किंवा आईने विचारले तरी चालते. रुग्ण तयार होईपर्यंत त्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली कुटुंबीयांसाठी स्वतंत्र गटांची संघटना उभी केली, ती याच जाणिवेतून. आणि व्यसनाधीन स्त्रिया आपल्याकडे नाहीतच, अशी समजूतही करून घेऊ नये. त्या बंद दारांआड आहेत एवढेच. पुरुषांच्या बैठकीत त्या येणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा लागेल.

हे परके तर नाही?

आपल्या कुटुंबांमधून एक शंका हमखास येते. या बैठकांत ईश्वराचा उल्लेख असतो, उगम अमेरिकेतला आहे, तर हे धर्मांतराचे दार तर नाही ना? शंका टाळू नये, तिचे उत्तर द्यावे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे आरंभीचे सदस्य ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात होते, हा इतिहास आहे. पण संस्थापक लवकरच त्या चळवळीपासून वेगळे झाले. आपल्याहून मोठ्या अशा शक्तीला, ज्याला जशी समजेल तशी, शरण जावे, असे त्यांनी लिहून ठेवले. संघटना कोणत्याही पंथाशी वा पक्षाशी बांधलेली नाही. सदस्य होण्यास एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. विठ्ठलाला मानणारा विठ्ठलाचे नाव घेतो, बुद्धाला मानणारा बुद्धाचे आणि काहीच न मानणारा गटालाच ती शक्ती समजतो. आपल्या मातीला हे अपरिचित आहे काय? चारचौघांत बसून अहंकार खाली ठेवणे, दोष कबूल करणे आणि संगतीच्या बळाने उभे राहणे, याला आपल्याकडे सत्संग म्हणत आले आहेत. कल्पना कोठून आली यापेक्षा ती बुडत्याला वर काढते का, हे पाहणे शहाणपणाचे.

कार्यकर्त्याने काय करावे?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपणा कार्यकर्त्यांसाठी आहे. आपल्याला संघटन करता येते. सभागृह मिळवणे, सतरंज्या घालणे, माणसे जमवणे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्याचबरोबर बौद्धिक देणे, अध्यक्ष नेमणे, वृत्त प्रसिद्ध करणे आणि छायाचित्र काढणे, हेही अंगवळणी पडले आहे. पहिल्या सवयी येथे उपयोगी आहेत. दुसऱ्या सवयी येथे घातक आहेत.

याला इतिहासाचा दाखला आहे. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची चळवळ सुरू केली. काही वर्षांत ती लाखोंच्या घरात गेली. मग तिच्यात जाहीर सभा आल्या, न पिणारे सुधारक आले, राजकारण आले, त्या काळचे सारे वाद आले. बाकी सारे आले आणि एका मद्यपीने दुसऱ्याशी बोलण्याचे मूळ काम हरवले. दशकभरात चळवळ विरून गेली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने पुढे कोणत्याही बाह्य प्रश्नावर मत द्यायचे नाही आणि सदस्याचे नाव जाहीर करायचे नाही, असे नियम केले. अशा फसलेल्या प्रयत्नांचे धडे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

म्हणून आपल्या गावात गट नसेल, तर कार्यकर्त्याने चार गोष्टी कराव्यात. दारू सोडलेले दोन माणूस शोधावेत. गट सुरू व्हायला दोन पुरतात, अॅक्रनमध्येही दोनच होते. त्यांना दर आठवड्याला तासभर बसता येईल अशी एक खोली मिळवून द्यावी. जेथे आपल्या कोणत्याही संस्थेचा फलक नाही, अशी ती असावी, म्हणजे कोणत्याही जातीच्या, पक्षाच्या, धर्माच्या माणसाचा पाय तेथे अडखळणार नाही. आरंभीच्या दोन-चार बैठकांसाठी नागपूरचा एखादा अनुभवी सदस्य बोलावून त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च करावा. आणि चौथी गोष्ट, खुर्च्या मांडून झाल्या, की बाहेर जाऊन दार ओढून घ्यावे. आत काय बोलणे झाले, हे विचारू नये. किती लोक सुधारले, याचा आकडा वार्षिक वृत्तात मागू नये. हे सेवाकार्य असे आहे, की ज्याचे श्रेय घेतले तर ते काम मोडते.

बाहेर मात्र आपल्याला पुष्कळ काम आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. धान विकून हाती पैसा येतो. मग लग्नसराई. दारू सोडलेल्या माणसाला हाच काळ सर्वांत कठीण जातो. 'आज एवढा एकच घे, सण आहे' असे म्हणणारा त्याचा शत्रू नसतो, बहुधा भाऊ किंवा मेहुणा असतो. आपल्या घरच्या मांडवात एकाने जरी 'त्याला आग्रह करू नका' असे शांतपणे म्हटले, तरी त्याचे एक वर्ष वाचू शकते. त्याला कामावर पुन्हा घेणे, त्याच्या मुलीच्या सोयरिकीत जुने उगाळून न काढणे, त्याच्यावर पाळत ठेवण्याऐवजी त्याला सोबत फिरायला नेणे, ही कामे कोणताही गट करू शकत नाही. ती शेजाऱ्यांची आणि नातेवाइकांची आहेत.

बंधू-भगिनींनो, दारू सोडलेला माणूस जन्मभराची शपथ घेऊन जगत नाही. तो आजचा दिवस काढतो, मग उद्याचा. आपणही त्याच मापाने चालू. जिल्हाभर शंभर गट उभारण्याचा संकल्प आज सोडायला नको. ज्या गावात असा एक माणूस आहे, तेथे दुसरा शोधा. येत्या आठवड्यात दोघांची गाठ घालून द्या. एवढे झाले तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.